पोरं तयार, कम्प्युटर तयार, नोट्सच वाचता येत नाहीत

आमच्या इकडं चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात तालुक्याच्या कॉलेजात अंध पोरं-पोरी आता शिकायला येऊन राहिली आहेत, आणि ही खरंच आनंदाची गोष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत निदान 5 टक्के जागा राखीव ठेवल्या, म्हणजे प्रवेश होतो. पण पुढं वाचायचं कसं? लोकांना वाटते याच्यासाठी लाखाची मशीन लागते. नाही लागत.

एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, चक्क फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन नावाच्या अंध तरुणानं 2006 मध्ये तो लिहायला घेतला, मग जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर सोबत आला, कारण तेव्हाचे स्क्रीन रीडर इतके महाग की साध्या माणसाला परवडायचेच नाहीत. पेनड्राइव्हवर टाकून न्या, विंडोजच्या कम्प्युटरला लावा, नेट गेलं तरी बोलते, आणि मराठीही बोलते. अँड्रॉइड मोबाईलमध्ये टॉकबॅक नावाचा असाच स्क्रीन रीडर तर बहुतेक आधीच असते, फक्त चालू करायचं.

मग अडते कुठं? बी.ए.च्या एका पोरीला इतिहासाच्या नोट्सची फाईल उघडून दिली, तिनं हेडफोन लावला आणि लगेच काढला. "सर, हे काय बोलून राह्यलं? नुसतं ई जे के बी एच करून राह्यलं." स्क्रीनवर तर स्वच्छ 'मराठी' लिहिलेलं दिसत होतं!

याचं कारण नीट समजून घ्या, सगळं इथंच आहे. स्क्रीन रीडर पडद्यावरचा आकार बघतच नाही, तो कम्प्युटरला विचारतो की इथं कोणतं अक्षर आहे, आणि जो नंबर मिळेल त्याचा आवाज करतो. युनिकोड म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना नंबर द्यायची आजची पद्धत, त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर आहे, म चा 2350, र चा 2352. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये तसं नाही, तिथं इंग्रजी 'ई'च्याच नंबरवर, म्हणजे 101 वर, म चं चित्र बसवलं आहे, 'जे'वर र, 'के'वर काना, मोठ्या 'बी'वर ठ, 'एच'वर दीर्घ वेलांटी. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, गडी लुगडं नेसून बाई होतो, बघणाऱ्याला बाईच दिसते, पण नाव विचारलं तर गड्याचंच नाव निघणार ना, तसं हे. डोळस माणसाला काही कळत नाही आणि अंध विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही.

बरं, नुसता फॉन्ट बदलूनही चालत नाही. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, रफारचंही असंच उलटसुलट. म्हणून कन्व्हर्टर लागतो, ते नेटवर फुकट मिळतात, पण नंतर एकदा डोळ्यांखालून घालाच, विशेषतः जोडाक्षरं.

दुसरा प्रकार मोबाईलनं फोटो मारून केलेल्या पीडीएफचा. त्यात अक्षर नसतेच, फक्त चित्र, एनव्हीडीए गप्प बसते. तिथं ओसीआर लागते, म्हणजे चित्रातून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर. टेसरॅक्ट फुकट आहे, मराठी ओळखते, नेटशिवाय चालते. फिकट झेरॉक्सवर मात्र फार चुका करते.

आणि हे फक्त विद्यार्थ्यांचं नाही हो. कॉलेजात अंध प्राध्यापक असतात, त्यांना परिपत्रक सही-शिक्क्याचा स्कॅन म्हणून येते, मग स्वतःच्याच कामाचा कागद ते दुसऱ्याकडून वाचून घेतात, शिकलेल्या माणसाला हे किती लागत असेल! ज्यांचा हात चालत नाही त्यांच्यासाठी जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या मोबाईल कीबोर्डमध्ये, 2017 पासून मराठी बोलून टाईप करता येते, ते आमच्याकडं लोक फक्त व्हॉट्सॲपला वापरतात, नोट्सलाही वापरा.

तुमची फाईल कशी आहे हे बघायला एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठी आली तर फाईल बरोबर. इंग्रजी अक्षरांचा काला आला तर जुना फॉन्ट. ओळ सिलेक्टच होत नसेल तर बहुतेक फोटो आहे. नवीन नोट्स काढताना युनिकोडमध्येच टाईप करा, आणि धड्याची नावं नुसती ठळक करू नका, वर्डमधली हेडिंग स्टाईल लावा, कारण एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे नुसतं वाचत फिरायच्या मोडमध्ये, 'एच' दाबलं की थेट पुढच्या हेडिंगवर जाता येते, नाहीतर चौथा धडा ऐकायला त्या पोरीला पहिले तीन पूर्ण ऐकत बसावं लागते.