परमुलखातला कैदी आणि खटल्याचा हक्क

२५ डिसेंबर २०१७ रोजी इस्लामाबादच्या परराष्ट्र मंत्रालयात, काचेच्या पडद्याआडून, हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानच्या कैदेत असलेल्या कुलभूषण जाधव यांची त्यांच्या आईशी आणि पत्नीशी भेट घडवण्यात आली. मायलेकरांनी मराठीत बोलायला सुरुवात केल्यावर आईला वारंवार अडवले गेले आणि अखेर मराठीत बोलूच दिले नाही, शिवाय भेटीपूर्वी दोघींना मंगळसूत्र, बांगड्या आणि टिकली उतरवायला लावली, असे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी जाहीर केले. जाधव यांचा जन्म सांगलीचा आणि घराण्याचे मूळ सातारा जिल्ह्यातील जावळीकडचे, त्यामुळे या दोन जिल्ह्यांत ती बातमी घरची म्हणून वाचली गेली. लोकांचा संताप रास्तच होता. पण जाधवांना नेमका कोणता हक्क नाकारला गेला, तो हक्क आला कुठून, आणि आपल्या तुरुंगातल्या परदेशी आरोपीला तो आपण कितपत दिला, हे प्रश्न त्या संतापात मागे पडले.

साताऱ्याला हा विषय नवा नाही. छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर ईस्ट इंडिया कंपनीने देशी शिपायांना फितवल्याचा आणि गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवला. १८३६ साली नेमलेल्या आयोगाचे काम गुप्तपणे चालले. महाराजांची मागणी साधी होती : पुरावा दाखवा आणि उत्तर देण्याची संधी द्या. १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक साताऱ्याला आले आणि दोष मान्य करणाऱ्या कागदावर सही केल्यास राज्य राहील असे त्यांनी सुचवले. महाराजांनी सही नाकारली. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले आणि तिथेच १८४७ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते सुमारे १४ वर्षे लंडनमध्ये राहून कंपनीच्या भागधारकांपुढे आणि पार्लमेंटच्या सभासदांपुढे एकच गोष्ट मांडत राहिले, की आरोपीचे म्हणणे न ऐकता दिलेला निवाडा हा निवाडाच नव्हे. रंगो बापूजींचे नाव आपण १८५७ च्या संदर्भात घेतो, पण त्यांची ही १४ वर्षांची वकिली मला अधिक मोलाची वाटते.

कंपनी सरकारने अशा कैदेला कायद्याचे रूपही दिले होते. बंगालचे १८१८ चे तिसरे रेग्युलेशन आणि मुंबई इलाख्याचे १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन यांखाली खटल्याशिवाय ‘राजकैदी’ ठेवता येत असे. १८९७ साली पुण्याच्या नातूबंधूंना याच दुसऱ्या रेग्युलेशनखाली अटक झाली होती. पुढे १९१० मध्ये मार्सेय बंदरात विनायक दामोदर सावरकरांनी बोटीतून उडी मारली आणि फ्रान्सच्या भूमीवर त्यांना पुन्हा पकडण्यात आले, तेव्हा वाद हेगच्या लवादापुढे गेला. फेब्रुवारी १९११ मध्ये लवादाने अटकेत अनियमितता झाल्याचे मान्य केले, पण कैद्याला परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही असा निर्णय दिला. तो वाद फ्रान्स आणि ब्रिटन या दोन सरकारांमधला होता आणि ज्याच्या गळ्याभोवती तो फिरत होता त्या माणसाला त्यात बाजूच नव्हती. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्याला राष्ट्रे दिसत, माणूस दिसत नसे.

हे चित्र दुसऱ्या महायुद्धानंतर बदलले. १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत समान असलेल्या तिसऱ्या कलमाने युद्धात पकडलेल्यांनाही रीतसर स्थापन झालेल्या न्यायालयाशिवाय शिक्षा देण्यास मनाई केली. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराने चौदाव्या कलमात निष्पक्ष सुनावणी, वकील, दुभाषा आणि अपील हे हक्क ‘प्रत्येक व्यक्तीला’ दिले. भारत १९७९ मध्ये या करारात सामील झाला. परदेशी कैद्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत कामाचा ठरला तो १९६३ चा व्हिएन्ना करार. त्याच्या छत्तिसाव्या कलमानुसार परदेशी माणसाला पकडल्यावर त्याच्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क त्याला विनाविलंब सांगावा लागतो, त्याने मागणी केल्यास वकिलातीला कळवावे लागते आणि तिच्या अधिकाऱ्यांना त्याला भेटू द्यावे लागते. वृत्तपत्रांत ज्याला ‘कॉन्सुलर ॲक्सेस’ म्हणतात ते हेच. परक्या मुलखात, परक्या भाषेत चालणाऱ्या खटल्यात कोणता वकील घ्यावा, घरी निरोप कोण देणार, कागदपत्रे कोण आणणार, हे सगळे या एका भेटीवर अवलंबून असते. अमेरिकेने ॲरिझोनात दोन जर्मन भावांना या हक्काची माहिती न देताच फाशीची शिक्षा दिली होती. त्या प्रकरणात २००१ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा हक्क राष्ट्राबरोबरच त्या व्यक्तीचाही आहे असे स्पष्ट केले.

जाधव यांना मार्च २०१६ मध्ये बलुचिस्तानात पकडल्याचे पाकिस्तान सांगतो. ते नौदलातून निवृत्त होऊन इराणमध्ये व्यवसाय करत होते आणि तिथून त्यांचे अपहरण झाले, अशी भारताची भूमिका आहे. अटकेनंतर महिना उलटण्याआधीच त्यांच्या ‘कबुली’ची चित्रफीत प्रसिद्ध झाली. भारताने वारंवार भेटीची मागणी केली आणि ती नाकारली गेली. हेरगिरी आणि घातपाताच्या आरोपांवरून १९५२ चा पाकिस्तान आर्मी ॲक्ट आणि ब्रिटिश काळातला, १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट यांखाली लष्करी न्यायालयात बंद दाराआड खटला चालला आणि १० एप्रिल २०१७ रोजी फाशीची शिक्षा जाहीर झाली. भारत ८ मे रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि दहा दिवसांत शिक्षेला स्थगिती मिळाली. भारताची बाजू हरीश साळवे यांनी मांडली. हेरगिरीच्या आरोपीला छत्तिसावे कलम लागू नाही आणि २००८ च्या द्विपक्षीय करारामुळे सुरक्षेच्या प्रकरणांत भेट नाकारता येते, हे पाकिस्तानचे दोन मुख्य युक्तिवाद होते. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी दोन्ही फेटाळले. त्याच वेळी जाधवांची सुटका करावी किंवा शिक्षा रद्द करावी ही भारताची मागणीही न्यायालयाने मान्य केली नाही. त्याने आदेश दिला तो शिक्षेच्या परिणामकारक फेरविचाराचा. निकालाच्या दिवशी आपल्याकडे पेढे वाटले गेले, पण निकालाचा हा दुसरा भाग फारसा कोणी वाचला नाही.

दहशतवादाच्या भीतीने जुन्या लोकशाही देशांचाही पाय घसरला. ब्रिटनने २००१ च्या कायद्याने फक्त परदेशी संशयितांना खटल्याशिवाय बेमुदत डांबण्याची सोय केली आणि डिसेंबर २००४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ८ विरुद्ध १ मतांनी ती भेदभाव करणारी ठरवली. अमेरिकेने जानेवारी २००२ पासून ग्वांटानामो बेच्या तळावर सुमारे ७८० परदेशी माणसे आणून ठेवली, कारण तिथे अमेरिकी न्यायालयांचा अधिकार चालणार नाही असा सरकारचा कयास होता. २००४, २००६ आणि २००८ अशा तीन टप्प्यांत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा कयास मोडला, तरी ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या मुख्य आरोपीला २००३ साली पकडूनही पुढच्या दोन दशकांत त्याच्या खटल्याची प्रत्यक्ष सुनावणी सुरू झाली नाही.

मुंबईत याच्या उलट घडले. भारतीय राज्यघटनेचे एकविसावे कलम ‘नागरिक’ न म्हणता ‘व्यक्ती’ म्हणते, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये जिवंत पकडलेल्या अजमल कसाबला त्या एका शब्दाचा आधार मिळाला. अनेक वकिलांनी त्याचे वकीलपत्र घेण्यास नकार दिला आणि न्यायालयाने नेमलेल्या अंजली वाघमारे यांच्या घरासमोर निदर्शने झाली. वाघमारे आणि त्यांच्यानंतरचे अब्बास काझमी यांना न्यायालयाने निरनिराळ्या कारणांनी दूर केल्यावर के. पी. पवार यांनी काम पूर्ण केले. कसाबने कबुलीजबाब देण्याची तयारी दाखवली तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांनी लगेच लेखणी न उचलता त्याला विचार करायला वेळ दिला. हा तपशील जाधवांच्या चित्रफितीशेजारी ठेवून पाहावा. मे २०१० मध्ये न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी कसाबला फाशी सुनावली आणि त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, हे सगळे टप्पे पार पडून २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात शिक्षेची अंमलबजावणी झाली. त्या काळात कसाब तुरुंगात बिर्याणी मागतो ही गोष्ट घरोघर पोहोचली होती. ती आपण रचली होती, असे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये स्वतःच सांगितले. आरोपीचा हक्क म्हणजे आरोपीचे लाड, ही समजूत तिने किती घट्ट केली हे आजही चावडीवरच्या चर्चेत जाणवते.

२९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक दंडाधिकाऱ्याला बजावले, की आरोपीला पहिल्यांदा हजर केल्यावर सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क त्याला सांगितलाच पाहिजे. दोनच दिवसांनी, ३१ ऑगस्टला, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने दिल्लीतल्या १९९७ च्या बसस्फोटातील एका पाकिस्तानी आरोपीचा खटला नव्याने चालवण्याचा आदेश दिला, कारण बहुतेक साक्षीदार तपासले जात असताना त्याच्या बाजूने वकीलच नव्हता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्याला फाशी सुनावली होती. वकिलासह खटला चालला आणि २०१३ मध्ये तो निर्दोष सुटला. वकील असणे आणि नसणे यांतले अंतर यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल असे मला वाटत नाही. विशिष्ट आरोपींचे वकीलपत्र घेऊ नये असे वकील संघांचे ठराव तर २०१० सालीच सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवले होते.

आपल्या कायद्यातही परदेशी आरोपीसाठी कडक जागा आहेत. २००८ च्या दुरुस्तीने बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात घातलेल्या तरतुदीनुसार, बेकायदा देशात शिरलेल्या परदेशी आरोपीला अत्यंत अपवादात्मक परिस्थितीत आणि लेखी कारणे देऊनच जामीन मिळू शकतो. आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत कोठडीची मुभा त्याच दुरुस्तीतली आहे. तरीही १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमात कोठडीतल्या व्यक्तीला मोफत वकील देताना नागरिकत्वाची अट नाही. सातारा आणि सांगलीच्या जिल्हा न्यायालयांतली विधी सेवा प्राधिकरणे याच कलमाखाली कच्च्या कैद्यांना वकील देतात, आणि एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून आणलेला मुंबई हल्ल्याच्या प्रकरणातला आरोपी, कॅनडाचा नागरिक तहव्वूर राणा याला दिल्लीत वकील मिळाला तोही विधी सेवा प्राधिकरणाकडूनच.

जाधवांना भारतीय अधिकारी पहिल्यांदा भेटू शकले ते २ सप्टेंबर २०१९ रोजी, अटकेनंतर साडेतीन वर्षांनी. फेरविचारासाठी पाकिस्तानने २०२० मध्ये अध्यादेश आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदा केला. त्यांच्या बाजूने भारतीय वकील उभा राहू द्यावा, ही भारताची मागणी मात्र पाकिस्तानने मान्य केली नाही.