पॉवहॅटन

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या व्हर्जिनिया राज्याच्या सखल भागात राहणारा अल्गाँक्वियन भाषिक मूलनिवासी समूह. चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या जेम्स, यॉर्क आणि रॅपहॅनॉक या नद्यांच्या काठांवर त्यांची गावे होती. आपल्या मुलखाला ते त्सेनाकोमाका म्हणत. १६०७ मध्ये इंग्रज तेथे उतरले तेव्हा सुमारे ३० जमाती एकाच प्रमुखाच्या अमलाखाली होत्या. त्यांची एकूण लोकसंख्या १४–१५ हजार असावी असा अंदाज आहे. या प्रमुखाचे नाव वाहुनसेनाका. त्याच्या मूळ गावावरून इंग्रज त्याला पॉवहॅटन म्हणू लागले आणि पुढे तेच नाव साऱ्या समूहाला चिकटले.

वाहुनसेनाकाला वारशाने सहाच्या आसपास जमाती मिळाल्या होत्या. बाकीच्या त्याने लढून किंवा धाक दाखवून जोडल्या. मांडलिक जमाती त्याला मका, हरणाची कातडी, तांबे आणि मोती अशी खंडणी भरत. जमातीच्या प्रमुखाला वेरोअन्स म्हणत. हे पद स्त्रीलाही मिळे. वारसा आईच्या बाजूने चाले: प्रमुखानंतर त्याचे भाऊ, मग बहिणी, मग बहिणींची मुले. म्हणजे मामाची गादी भाच्याला, बापाची मुलाला नाही. इंग्लंडमध्ये ‘राजकन्या’ म्हणून मिरवली गेलेली त्याची मुलगी पोकाहोंटस किंवा तिचा मुलगा यांचा गादीवर काहीच हक्क नव्हता.

मका, घेवडा आणि भोपळा यांची शेती बायका करत. कोवळी झाडे वाकवून, त्यांवर साल किंवा चटया घालून केलेली घरेही त्याच उभारत. शिकार, मासेमारी आणि लढाई ही पुरुषांची कामे. इंग्लंडात शिकार हा उमरावांचा विरंगुळा असल्याने इंग्रजांना हे पुरुष आळशी वाटले आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले. साठवणीतला मका संपला की दलदलीतला टकाहो हा कंद खणून काढत. तो अळवाच्याच कुळातला. कच्चा खाल्ला तर घशाला खाज सुटते, म्हणून खड्ड्यात बराच वेळ भाजावा लागे. त्यांची भाषा अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बोलण्यातून गेली. रॅकून, ओपॉसम ही प्राण्यांची नावे मात्र तिच्यातूनच इंग्रजीत आली आणि तेथून आपल्यापर्यंत.

मे १६०७ मध्ये लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीची १०४ माणसे जेम्स नदीतल्या एका खाजणवजा जागी उतरली. (या कंपनीचा खजिनदार सर टॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर होता.) जागा पास्पहे जमातीच्या मुलखातली होती. पाणी मचूळ असल्याने तेथे कोणी गाव वसवलेले नव्हते. तेथे जेम्सटाउन उभे राहिले. जुन्या सायप्रस वृक्षांच्या वलयांवरून आता कळते की १६०६ ते १६१२ या काळात त्या भागात शतकानुशतकांत पडला नव्हता असा दुष्काळ होता. इंग्रज मका मागायला आले, ते नेमके त्यांना देण्याइतका मका कोणाकडेच नसताना.

वाहुनसेनाकाने त्यांना हुसकावून लावण्याऐवजी मांडलिक करून घ्यायचे ठरवलेले दिसते. डिसेंबर १६०७ मध्ये वसाहतीतला एक म्होरक्या जॉन स्मिथ पकडला गेला आणि त्याला यॉर्क नदीकाठच्या वेरोवोकोमोको या राजधानीत आणले गेले. पोकाहोंटसने मध्ये पडून त्याचा जीव वाचवल्याची गोष्ट जगभर ठाऊक आहे. पण स्मिथच्याच १६०८ च्या वृत्तांतात ती नाही. १६२४ च्या ग्रंथात स्मिथने ती सविस्तर सांगितली, तेव्हा बापलेक दोघेही हयात नव्हते. ती खरी मानली तरी तो जमातीत सामावून घेण्याचा विधी असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. त्याच ग्रंथातला पुढचा तपशील अधिक बोलका आहे. वाहुनसेनाकाने स्मिथला मुलगा मानून कापाहोवासिक हा भाग देऊ केला आणि बदल्यात दोन तोफा व एक जाते मागितले. हे सरळसरळ वतन होते. स्मिथने उचलता न येणाऱ्या तोफा दाखवून वेळ मारून नेली.

इंग्रजांचा बेत नेमका उलटा होता. १६०८ मध्ये जहाजांचा कप्तान क्रिस्टोफर न्यूपोर्टने वाहुनसेनाकाला इंग्लंडच्या राजाचा अंकित म्हणून तांब्याचा मुकुट घालायचा घाट घातला. वाहुनसेनाका जेम्सटाउनला आला नाही, इंग्रजांनाच त्याच्याकडे जावे लागले. गुडघे टेकायला तो तयार होईना. शेवटी खांदे दाबून थोडा वाकवला आणि मुकुट ठेवला. परतभेट म्हणून त्याने आपले जुने जोडे आणि अंगावरची शाल दिली.

१६०९ मध्ये युद्ध पेटले. पॉवहॅटनांनी वेढा घातल्याने त्या हिवाळ्यात जेम्सटाउनमध्ये उपासमार झाली आणि जेमतेम ६० माणसे उरली. नवी कुमक येताच इंग्रजांनी ऑगस्ट १६१० मध्ये पास्पहेंचे गाव जाळले आणि तेथल्या प्रमुखाच्या बायकोला मुलांसह ठार केले. १६१३ मध्ये पोकाहोंटसला फसवून जहाजावर नेऊन ओलीस ठेवण्यात आले. १६१४ मध्ये तंबाखू पिकवणारा वसाहतवाला जॉन रॉल्फ याच्याशी तिचे लग्न झाले आणि लढाई थांबली. १६१७ मध्ये ती इंग्लंडमध्येच वारली. तिच्याबरोबर गेलेल्या उत्तामाटोमाकिनला वाहुनसेनाकाने इंग्लंडात माणसे किती ते मोजून यायला सांगितले होते. त्याने काठीवर खुणा करायला सुरुवात केली आणि लवकरच नाद सोडला.

खरे संकट रॉल्फच्या तंबाखूने आणले. ते पीक जमिनीचा कस लवकर खाई, त्यामुळे वसाहतवाल्यांना सतत नव्या जमिनी हव्या असत, आणि त्या नदीकाठच्याच. वाहुनसेनाका १६१८ मध्ये वारल्यावर सूत्रे हळूहळू त्याचा भाऊ ओपेचानकनाघ याच्या हाती गेली. २२ मार्च १६२२ च्या सकाळी त्याची माणसे नेहमीप्रमाणे निःशस्त्र, शिकार विकायला म्हणून घरोघर आली आणि मिळेल त्या हत्याराने त्यांनी ३४७ वसाहतवाले मारले. इंग्रज लेखनात याला ‘कत्तल’ म्हणतात. पास्पहेंच्या गावासाठी हा शब्द क्वचितच वापरला गेला. १६४४ मध्ये ओपेचानकनाघने पुन्हा उठाव केला. तोवर तो इतका थकला होता की त्याला उचलून न्यावे लागे. कैदेत असताना जेम्सटाउनमध्ये एका पहारेकऱ्याने त्याला गोळी घातली.

१६४६ च्या तहाने पॉवहॅटन अखेर इंग्रजांचे मांडलिक झाले: खंडणी, दरवर्षी बीव्हरची २० कातडी. १६७७ मध्ये पामंकी जमातीची प्रमुख कॉकाकोस्की हिने आणखी एक तह केला. पामंकी आणि मॅटापोनाय यांच्याकडे थोडी राखीव जमीन राहिली. १९२४ च्या वंशशुद्धतेच्या कायद्यानंतर व्हर्जिनियातल्या अधिकाऱ्यांनी जन्मनोंदीत त्यांना ‘इंडियन’ लिहायलाच नकार दिला. केंद्र सरकारची मान्यता पामंकींना २०१६ मध्ये, तर चिकाहॉमिनी, नॅन्समंड, रॅपहॅनॉक आदींना २०१८ मध्ये मिळाली. जुन्या तहाला स्मरून पामंकी आणि मॅटापोनाय आजही दर नोव्हेंबरात रिचमंडला जाऊन गव्हर्नरला शिकार केलेले हरीण देतात.