मुंबई-लंडन फ्लाइट: अंतर तेच, तास मात्र बदलत गेले

सर्च केलं की उत्तर लगेच येतं, मुंबई ते लंडन साधारण 7,200 किमी आणि फ्लाइट साडेनऊ-दहा तासांची. पण हे अंतर म्हणजे ग्लोबवर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणला तर येणारं, विमान अगदी त्या रेषेवरून जातंच असं नाही, आणि किती तास लागणार हे तर वेगळ्याच गोष्टींवर ठरत आलंय.

1869 ला सुएझ कालवा सुरू झाल्यावरसुद्धा बोटीने दोन-तीन आठवडे जायचे. 1929 मध्ये इम्पिरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा काढली तिला आठवडा लागायचा, कारण इटलीने फ्रान्सच्या हद्दीवरून विमानाला एंट्री दिली नाही म्हणून मधला टप्पा चक्क ट्रेनने करावा लागायचा! आणि तेही कराचीपर्यंतच. पुढे मुंबईपर्यंत टपाल आणायला 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा स्वतः पुस मॉथ हे छोटं विमान चालवत अहमदाबादमार्गे जुहूला उतरले.

मग 8 जून 1948, मंगळवार. एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं, आत 35 प्रवासी, त्यात जेआरडीही होते. तिकीट 1,720 रुपयांपासून, त्या काळात ही रक्कम काय असेल बघा. रात्री निघालेलं विमान 10 तारखेला पोचलं. पंख्याचं विमान, स्पीड ताशी पाचशे किमीच्या आसपास, त्यात तेल भरायला थांबे.

1960 मध्ये बोइंग 707 आलं आणि स्पीड एकदम 900 च्या घरात गेला, नंतर मोठ्या टाकीची विमानं आली तसे थांबेही गेले. पण खरी गंमत इथेच आहे, आजचं ड्रीमलायनरपण साधारण त्याच स्पीडने उडतं! आवाजाच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध भयंकर वाढतो आणि इंधन परवडत नाही, त्यामुळे गेल्या साठ वर्षांत कंपन्यांनी स्पीड नाही, इंधन वाचवलं.

येताना तासभर कमी लागतो तो जेट स्ट्रीममुळे, वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो ना. (घड्याळातला साडेचार-साडेपाच तासांचा फरक वेगळा, त्यात भलेभले गोंधळतात.)

आणि आता तर उलटं चाललंय. सरळ रेषा जाते पाकिस्तान, इराण, कॉकेशस पर्वत, काळा समुद्र, युक्रेनवरून. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून बंद, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना बंदी घातली, मध्येच इराणचा भाग बंद होतो. दिल्लीच्या मानाने मुंबईला पाकिस्तानचा फटका कमी, अरबी समुद्रावरून वळून जाता येतं, पण वळसा तो वळसाच, त्या दिवशी कुठला मार्ग मिळतो त्यावर तास ठरतात.