पाण्याला वाट देणारी भिंत

पावसाळ्यात एखादी संरक्षक भिंत कोसळली, की ठेकेदाराने सिमेंट खाल्ले असणार, असा निष्कर्ष चहाच्या टपरीपासून वृत्तवाहिन्यांपर्यंत सर्वत्र निघतो. तो कधी खराही असतो. मात्र उत्तम सिमेंटची भिंतही पडते आणि सार्वजनिक उद्यानांत उतार धरून ठेवणारी, तारेच्या जाळीच्या पेट्यांत सुटा दगड भरून रचलेली गॅबियन भिंत सिमेंटचा कणही नसताना उभी राहते. या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा भिंतीमागच्या पाण्यात असते.

'गॅबियन' हा शब्द मूळ इटालियन असून त्याचा अर्थ मोठा पिंजरा असा होतो. पूर्वी वेढ्याच्या लढाईत माती भरलेल्या वेताच्या टोपल्या आडोशाला ठेवत. तारेच्या जाळीचे गॅबियन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत बोलोन्याजवळ रेनो नदीवर वापरले गेले. आपल्याकडे पाणलोटाच्या कामांतले गॅबियन बंधारे गावोगावी परिचित आहेत.

आता दोन मीटर उंचीची भिंत घेऊ आणि तिच्या एक मीटर लांबीचाच हिशेब करू. मागचा भराव कोरडा असेल, तर मातीचे कण एकमेकांत अडकून स्वतःला बरेचसे सावरतात (म्हणूनच वाळूचा ढीग उतार धरून उभा राहतो), आणि वरच्या वजनाचा साधारण एक-तृतीयांश भागच आडवा ढकलतो. घनमीटरला 1.8 टन वजनाच्या मातीचा एकूण आडवा रेटा सुमारे 1.2 टन भरतो. पाण्याचे कण मात्र एकमेकांत अडकत नाहीत. पाणी खाली जितके दाबते, तितकेच आडवेही दाबते. भराव वरपर्यंत पाण्याने भरला, तर एकट्या पाण्याचा रेटा 2 टन होतो. त्यात बुडालेल्या मातीचे परिणामी वजन उत्प्लावक बलामुळे घटते, म्हणून मातीचा रेटा सुमारे 0.7 टनांवर येतो, तरी बेरीज 2.7 टन, म्हणजे कोरड्या स्थितीच्या दुपटीहून अधिक होते.

समोर एक मीटर जाडीची गॅबियन भिंत आहे. काळा दगड घनमीटरला सुमारे 2.8 टन भरत असला, तरी पेटीतली साधारण 35 टक्के जागा दगडांमधल्या फटींची असते; म्हणून या भिंतीचे वजन 3.6 टन धरू. तळाशी घर्षणगुणांक 0.6 मानला, म्हणजे वजनाच्या 0.6 पट रेटा तळाचे घर्षण रोखते असे धरले, तर ती सुमारे 2.2 टन रेटा सोसते. कोरड्या मातीचा 1.2 टन रेटा ती सहज पेलते, पण पाणी तुंबले तर 2.7 टनांपुढे तीच भिंत सरकेल. ते तुंबत नाही, कारण ज्या फटींनी तिचे वजन कमी केले, त्याच फटींतून पाणी निघून जाते. काँक्रीटच्या भिंतीत याच कामासाठी नळ्या ठेवलेल्या असतात, आणि त्या बुजल्या की सारा हिशेब उलटतो. पडलेल्या भिंतीकडे बोट दाखवून 'जागा बळी मागते' म्हणणाऱ्यांनी आधी त्या नळ्यांत काठी घालून पाहावी.

हल्ली काँक्रीटच्या भिंतीपुढे वीतभर जाडीचा दगडी पिंजरा उभारून त्याला 'पर्यावरणस्नेही' म्हणण्याची टूम निघाली आहे. तो केवळ मुखवटा असतो, रेटा मागची भिंतच घेते. खऱ्या कामात दगड जाळीच्या छिद्रांपेक्षा मोठे घेतात, दर्शनी बाजूचे हाताने बसवतात आणि मागे गाळणीचे कापड अंथरतात. हे कापड पाण्याला जाऊ देते, मातीला अडवते.

जोराच्या सरीनंतर अशा भिंतीच्या पायथ्याशी बसून पाहिले, तर दगडांवरून बराच वेळ पाणी पाझरत असते. ते नितळ असेल तर गाळणी शाबूत आहे. ते दर सरीला गढूळच येत राहिले, तर कापड बहुधा फाटले असून माती दगडांतून वाहून जात आहे. अशा वेळी वरच्या पायवाटेवरची एखादी फरशी खचलेली सापडते.