किळस

घाण, कुजके, बुळबुळीत किंवा वळवळणारे काही समोर आले की माणसाला झटकन मागे सरायला लावणारी तीव्र नावडीची भावना म्हणजे किळस. नाक आक्रसते, वरचा ओठ उचलला जातो, पोटात ढवळते. ‘किळसवाणा’ हे विशेषण यावरूनच आले. शिसारीही अशीच अंगावर येणारी. तिटकारा मात्र बहुधा वागण्याचा येतो आणि वीट अतिरेकाचा. नाट्यशास्त्रात जुगुप्सा, म्हणजे किळस, हा बीभत्स रसाचा स्थायीभाव (मूळ भाव) असून, रक्त वगैरे पाहून उपजणारा बीभत्स क्षोभज आणि विष्ठा-कृमींमुळे उपजणारा उद्वेगी मानला आहे.

सडलेले अन्न आणि मलमूत्र यांतून होणाऱ्या रोगांपासून ही भावना शरीराला वाचवते. पण ती तर्काला जुमानत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांच्या प्रयोगात निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ रसात बुडवून काढले, तरी बहुतेकांना तो रस नकोसा झाला.

कशाची किळस यावी, हे मूल घरात आणि शेजारात शिकते. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात किंवा नवी मुंबईतल्या दिवाळे गावात वाळत्या सुकटीच्या वासाने एकाच्या तोंडाला पाणी सुटते, तर दुसरा नाकाला रुमाल लावतो. ओहोटीला उघडा पडणारा ठाणे खाडीचा काळा चिखल अनेकांना ओंगळ वाटतो. रोहित पक्षी मात्र त्याच चिखलात चरतात. त्यांच्यासाठी 2015 साली तिथे अभयारण्य झाले आणि 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाला.

ही शिकवण माणसांवर उलटते तेव्हा ती घातक होते. चार्ल्स डार्विन यांनी भावनांच्या अभिव्यक्तीवरील 1872 च्या ग्रंथात दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या टिएरा देल फुएगोतला प्रसंग नोंदवला आहे. तिथल्या एका रहिवाशाने त्यांच्या टिकवलेल्या थंड मांसाला बोट लावले आणि त्याच्या मऊपणाची त्याला किळस आली. डार्विन यांना त्याच्या स्पर्शाचीच किळस वाटली, हात मळलेले दिसत नसतानाही! आपल्याकडे अस्पृश्यतेने हेच शतकानुशतके केले. आजही सोसायटीत कचरा उचलणाऱ्याला वेगळ्या कपात चहा दिला जातो, तो याच वळणाने. किळस मैल्याची असते, ती मैला उपसणाऱ्याला चिकटवली जाते. शिवाय जिवाचा धोका त्याचाच. 2013 च्या कायद्याने हाताने मैला उपसणे आणि सुरक्षासाधनांविना गटारात वा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणे, या दोन्हींना बंदी आहे.