उंबर फोडून पाहाच

उपासाचे दिवस आले की 'अंजीर मांसाहारी असतं, आत मेलेला किडा असतो' हा मेसेज व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरू लागतो. पुरंदरच्या बागांमधल्या अंजिराबद्दल म्हणाल तर यात काही तथ्य नाही. ही झाडं परागीभवनाशिवायच फळ धरतात, किड्याचं तिथं कामच नाही. पण मेसेज लिहिणाऱ्यानं ज्या गोष्टीचं एक टोक धरलंय ती गोष्ट खरी आहे, आणि किळस वाटण्याऐवजी थक्क व्हावं अशी आहे. ती बघायला बागेत जायलाच हवं असं नाही. ओढ्याकाठचं किंवा दत्तमंदिरामागचं, अंजिराच्याच कुळातलं उंबर पुरे.

फूल आणि भुंगा ही जोडी शाळेत सगळेच शिकतात. पण ती तशी सैल जोडी. एका वेलीवर फुलं नसली तर भुंगा दुसरीकडे जातो. उंबर आणि त्यातलं केंबरं यांचं तसं नाही. हे केंबरं म्हणजे गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली, जेमतेम दोन मिलिमीटरची, माणसाला मुळीच न चावणारी एक माशी. शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. तिची पिल्लं उंबराखेरीज कुठंच वाढत नाहीत, आणि आपल्याकडच्या उंबराचं बी तिच्याशिवाय धरत नाही. दोघांपैकी एक गेला की दुसऱ्याचा वंश थांबला.

उंबराला फूल येत नाही असं आपण ऐकत आलो. मग त्यातूनच समजूत निघाली की ते अमुक रात्री बारा वाजता उमलतं आणि ज्याला दिसतं त्याच्या घरी लक्ष्मी येते. असं 'फूल' तिजोरीत ठेवा म्हणून सांगणारे व्हिडिओ आहेत, त्यावर पैसे घालवणारेही आहेत. त्यांनी एक कच्चं उंबर चाकूनं उभं चिरावं. आत फुलंच फुलं आहेत, शेकड्यांनी. सूर्यफुलाची तबकडी घ्या आणि मोदकाची पारी मिटतात तशी कडा वर ओढून तोंड बंद करा. झालं उंबर. ज्याला आपण फळ म्हणतो तो आत वळलेला फुलोरा आहे. तोंडाशी खवल्यांची दाट वीण असते, भुंगा-मधमाशी कुणालाच आत जाता येत नाही.

आत जाते ती फक्त ही माशी. आतली मादीफुलं तयार झाली की उंबर हवेत विशिष्ट वासाची द्रव्यं सोडतं. त्या वासावर परागानं लादलेली मादी येते आणि खवल्यांमधून अंग घुसवते. वाट इतकी अरुंद की तिचे पंख तुटतात, बहुधा मिशांचे तुकडेही पडतात. ती परत बाहेर येणार नसते.

आता जरा नीट लक्ष द्या, कारण सगळी खुबी इथं आहे. आतल्या मादीफुलांचे अंडाशय एका पातळीत नसतात. काही फुलांना देठ नसल्यात जमा, त्यांचे अंडाशय उंबराच्या भिंतीला चिकटलेले. काहींना लांब देठ, त्यांचे अंडाशय मधल्या पोकळीजवळ. पण सगळ्यांच्या कुक्षी, म्हणजे पराग झेलणारी टोकं, एकाच उंचीवर येऊन एक सलग गादी तयार होते. याचा अर्थ भिंतीजवळच्या फुलाची कुक्षीनलिका, म्हणजे कुक्षीपासून अंडाशयापर्यंतची नळी, लांब आणि पोकळीजवळच्या फुलाची आखूड. माशी या गादीवर फिरते. तिच्या छातीच्या खालच्या बाजूला दोन खिसे असतात, त्यांत तिनं स्वतः भरून आणलेले पराग असतात. पुढच्या पायांनी ती ते काढून कुक्षींवर ठेवते. मधमाशीच्या अंगाला लागलेला पराग पुढच्या फुलावर सांडतो, इथं तो मोजूनमापून पोचवला जातो. त्याच वेळी कुक्षीनलिकेतून अंडी घालण्याची नळी खाली सोडून ती एकेका अंडाशयात एकेक अंडं ठेवते. ज्यात अंडं पडलं त्या फुलाची गाठ बनते, त्यात पिल्लू वाढतं. ज्यात नुसता पराग पोचला त्याचं बी होतं.

मग ती सगळ्याच फुलांत अंडी का घालत नाही? उंबर-वडाच्या कुळातल्या अनेक जातींत मोजमापं झाली आहेत आणि नळी बहुतेक अंडाशयांपर्यंत पोचेल इतकी लांब निघते. तरीही अंडी जास्त करून पोकळीजवळच्या फुलांत सापडतात आणि भिंतीजवळची फुलं बियांसाठी उरतात. एक पटणारं कारण असं, की भिंतीजवळच्या पिल्लाला बाहेरून धोका असतो. उंबरावर दुसऱ्या जातींच्या माश्याही येतात. त्या पराग आणत नाहीत, आत शिरत नाहीत, बाहेरूनच भिंतीतून लांब नळी खुपसून अंडी घालतात. कच्च्या उंबराची भिंत किती टणक असते ते नखानं दाबून बघा. अपोक्रिप्टा या वंशातल्या अशा एका परोपजीवी माशीची नळी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तपासली, तेव्हा तिच्या टोकाला दातेरी कडा आणि त्यात जस्त सापडलं. केसाहून बारीक नळीचं टोक धातूनं कठीण केलेलं! परागाशिवाय येणाऱ्या स्वतःच्याच माश्यांनाही झाड मोकळं सोडत नाही. कुळातल्या काही जातींवर झालेल्या प्रयोगांत, पराग न आणलेल्या माश्यांनी अंडी घातलेली फळं झाडानं गाळून टाकली किंवा त्यांतून पिल्लंच कमी निघाली. या जोडीत प्रेमबीम नाही, चोख हिशेब आहे.

काही आठवड्यांनी आधी नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात, डोळे नावापुरते. गाठीतच असलेल्या माद्यांना भोक पाडून ते गाठतात, मीलन होतं आणि मग ते भिंत पोखरून बोगदा करतात. पिंपळाच्या फळांवर १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की बंद फळात कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. त्यात नर चपळ असतात आणि माद्या निपचित. बोगदा पडून बाहेरची हवा आत आली की माद्या हलू लागतात. एवढ्यात तोंडाजवळची नरफुलंही पिकलेली असतात. माद्या पराग खिशात भरतात आणि उडतात. नर तिथंच मरतात, सूर्यप्रकाशात एकदाही न उडता.

उडालेल्या मादीकडे एखाद-दोन दिवसांचं आयुष्य असतं, आणि ज्या झाडावरून ती निघाली त्यावर तिच्या कामाचं कच्चं उंबर बहुधा नसतं, कारण एका झाडाचा बहर साधारण एकदमच पुढं सरकतो. तिला दुसरं झाड हवं. ती वाऱ्यावर जाते. उंबराच्या जवळच्या नात्यातल्या आफ्रिकी सिकामोर झाडावर नामिबियात काम झालं, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. पराग तब्बल १६० किलोमीटर दूरच्या झाडावर पोचला होता. म्हणूनच परिसरात कुठल्या ना कुठल्या उंबराला वर्षभर बहर असावा लागतो. रस्तारुंदीत एकेक उंबर तोडताना 'बाकीची आहेत ना' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. बाकीची किती आणि कधी बहरणारी, हा खरा प्रश्न. तांबट, बुलबुल, वटवाघळं, उदमांजरं सगळी या फळांवर जगतात.

जोडीतला एक नसला की काय होतं ते कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यांनी अनुभवलंय. तिथं १८८०च्या दशकात स्मिर्नाहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरहून, उत्तम अंजिराची झाडं नेली. झाडं वाढली, पण फळं कच्चीच गळायची. ही जात आपल्या पुरंदरच्या अंजिरासारखी नव्हती, तिला परागीभवन लागायचं. रानटी अंजिराच्या फांद्या बागेत टांगाव्या लागतात, त्यांतून किडे येतात, हे तुर्की शेतकऱ्यांचं म्हणणं कित्येकांनी अडाणी समजूत म्हणून उडवून लावलं होतं. १८९९ मध्ये फ्रेझ्नोजवळ अंजिराची ती वेगळी माशी रुजवण्यात यश आलं तेव्हा कुठं फळं टिकली. इथं अडाणी समजूत ठरवली गेलेली गोष्ट पक्क्या निरीक्षणावर उभी होती आणि मध्यरात्रीचं फूल कशावरच नाही. फरक कळायला करून बघावं लागतं.

तेव्हा करून बघा. पूर्ण वाढलेली, जराशी मऊ पडू लागलेली पण अजून लाल न झालेली चार-पाच उंबरं काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला मलमलचं कापड बांधा आणि सकाळी भिंग घेऊन बसा. झाडाखाली पडलेली लालबुंद उंबरं घेऊ नका, त्यांतल्या माद्या आधीच उडून गेलेल्या असतात.