सेंटेन्स करेक्शन

सेंटेन्स करेक्शन म्हणजे वाक्यदुरुस्ती. एमबीए आणि तत्सम अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या जीमॅट या परीक्षेतील हा प्रश्नप्रकार आता बंद झाला आहे. परीक्षार्थी त्याला नुसते 'एससी' म्हणत. एक इंग्रजी वाक्य दिलेले असे. त्याचा काही भाग, क्वचित पूर्ण वाक्यच, अधोरेखित असे आणि त्या भागासाठी पाच पर्याय असत. पहिला पर्याय म्हणजे मूळ मजकूर जसाच्या तसा. त्यामुळे वाक्य मुळात निर्दोष असण्याची शक्यता प्रत्येक वेळी गृहीत धरावी लागे. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांत याच जातीच्या प्रश्नाला 'नो इम्प्रूव्हमेंट' असा वेगळा पर्याय असतो. त्या परीक्षांची सवय असलेला विद्यार्थी इथे सुरुवातीला हमखास गोंधळे: चूक सापडत नसली तरी पहिल्या पर्यायाला हात लावायला तो धजावत नसे.

या परीक्षेचा उगम अमेरिकेतला. काही बिझनेस स्कूल्सच्या पुढाकाराने ती १९५४ मध्ये सुरू झाली, १९७६ मध्ये तिला जीमॅट हे नाव मिळाले आणि १९९७ पासून ती संगणकावर, उत्तरागणिक काठिण्य बदलणाऱ्या स्वरूपात होऊ लागली. २०१८ ते २०२४ या काळात व्हर्बल, म्हणजे भाषिक, विभागात ६५ मिनिटांत ३६ प्रश्न असत आणि त्यांतले साधारण एक तृतीयांश एससीचे. उताऱ्यांवरच्या प्रश्नांना वेळ जास्त लागतो, म्हणून एससीचा प्रश्न सव्वा ते दीड मिनिटात हातावेगळा करण्याचा बहुतेकांचा हिशेब असे. एकदा उत्तर पक्के केले की मागे फिरता येत नसे. पडद्यावर पर्यायांपुढे ए, बी, सी अशी अक्षरेही नसत, फक्त गोल चिन्हे असत. परीक्षा केंद्रावर मिळणाऱ्या पुसता येणाऱ्या पिवळ्या लॅमिनेटेड वहीत परीक्षार्थी स्वतःच अक्षरे मांडत आणि एकेक पर्याय 'उडवला' की त्यावर काट मारत.

'वाक्यदुरुस्ती' म्हटले की मराठी वाचकाला दहावीच्या पेपरातले 'लेखननियमांनुसार वाक्य लिहा' आठवते. इथे मामला निराळा. ऱ्हस्व-दीर्घाचा, म्हणजे इंग्रजीत स्पेलिंगचा, प्रश्नच नव्हता. कर्ता-क्रियापदाचा मेळ, काळ, सर्वनाम नेमके कोणासाठी आले आहे, विशेषण-वाक्यांश कोणाला चिकटला आहे, यादीतले घटक एकाच घडणीचे आहेत का, तुलना समजातीय गोष्टींत आहे का आणि वाक्याचा अर्थ तर्काला धरून आहे का, हे पाहिले जाई. शेवटचा मुद्दा सर्वांत जड. व्याकरण निर्दोष असूनही भलतेच काही सांगणारे पर्याय अवघड प्रश्नांत मुद्दाम पेरलेले असत.

रीत कळण्यासाठी एक वाक्य घेऊ: 'अनलाइक द कोकण, द ॲन्युअल रेनफॉल इन मराठवाडा इज लो अँड व्हेरी वाइडली फ्रॉम इयर टू इयर.' शेवटचे 'फ्रॉम इयर टू इयर' सोडून बाकी सगळे अधोरेखित आहे असे समजा. 'ए' म्हणजे हेच वाक्य. 'बी'मध्ये सुरुवात 'अनलाइक दॅट इन द कोकण' अशी बदलली, पुढचे तसेच. 'सी': 'अनलाइक द कोकण, मराठवाडाज ॲन्युअल रेनफॉल इज लो अँड व्हेरीज वाइडली'. 'डी': 'अनलाइक दॅट ऑफ द कोकण, द ॲन्युअल रेनफॉल ऑफ मराठवाडा इज लो अँड व्हेरीज वाइडली'. 'ई': 'अनलाइक द रेनफॉल इन द कोकण, मराठवाडा हॅज लो ॲन्युअल रेनफॉल दॅट व्हेरीज वाइडली'.

नवखा विद्यार्थी पाचही वाक्ये मनात म्हणून बघतो आणि तिसऱ्यापर्यंत येईतो पहिले विसरतो. मुरलेला विद्यार्थी पर्याय कुठे फुटतात ते आधी हेरतो. त्याला क्लासच्या भाषेत 'स्प्लिट' म्हणतात. इथे पहिली फूट 'व्हेरी' आणि 'व्हेरीज' या (बदलणे या अर्थाच्या) क्रियापदरूपांची. 'रेनफॉल' एकवचनी, म्हणून 'ए' आणि 'बी' एका फटक्यात गेले. उरलेल्या तिघांत पाहायचे ते हे, की कशाची तुलना कशाशी. 'सी'मध्ये कोकण हा प्रदेश एकीकडे आणि पाऊस दुसरीकडे. 'मराठवाडाज' हा शब्द जवळ असल्याने प्रदेशाशी प्रदेश जुळल्याचा भास होतो, पण कर्ता 'रेनफॉल' आहे. 'ई'मध्ये नेमके उलट: कोकणातला पाऊस आणि मराठवाडा. पावसाला पाऊस जोडणारा एकटा 'डी' उरतो. तो कानाला जरा अवघडलेला वाटतो, हेही खरे.

या प्रश्नप्रकारातली खरी मेख कानाची. 'वाचताना बरे वाटते' या कसोटीवर उत्तर देणारे फसत, आणि यात इंग्रजी मातृभाषा असलेलेही आले, कारण बोलण्यात सर्रास चालणारी वाक्ये इथे बाद ठरत. मराठी माणसाचा कान तर दुसऱ्याच नियमांवर पोसलेला. 'कोकणापेक्षा मराठवाड्यातला पाऊस कमी' असे आपण बिनदिक्कत म्हणतो आणि कोणाचा काही गैरसमज होत नाही. 'स्टेशनवरून चालत येताना पाऊस लागला' हे वाक्यही अगदी रोजचे. कोण चालत होते, ते सांगावे लागत नाही. हेच इंग्रजीत 'वॉकिंग बॅक फ्रॉम द स्टेशन, द रेन ड्रेंच्ड अस' असे उतरवले, की जीमॅटच्या लेखी पाऊसच स्टेशनवरून चालत आला. 'त्याने राजीनामा दिला, जे अपेक्षितच होते' यातला 'जे' अख्ख्या घटनेला कवेत घेतो. जीमॅटच्या 'विच'ला मात्र जवळचे एखादे नाम लागे. पण म्हणून मराठी माध्यमातून आलेल्यांना एससी अवघड जाई, असे सरसकट म्हणता येत नाही. स्वतःच्या कानावर भरवसा नसलेला विद्यार्थी पर्याय मुकाट्याने ताडून पाही आणि तेच त्याच्या पथ्यावर पडे.

पाठांतराचाही एक कोपरा होता, तो म्हणजे इडियम. इथे इडियम म्हणजे वाक्प्रचार नव्हे, तर कोणत्या शब्दामागे कोणता शब्द यावा याचा संकेत. 'बिट्वीन'ची जोड 'अँड'शीच. उदाहरणे देताना 'लाइक' नको, 'सच ॲज' हवे. 'कन्सिडर'नंतर 'ॲज' किंवा 'टू बी' नको. यांत तर्क फारसा नाही, आणि इंग्रजी परकी असलेल्यांवर अन्याय होतो ही तक्रार या भागापुरती तरी रास्त होती. याच कोपऱ्यातून क्लासमधले ठोकताळे निपजले: 'बीइंग' दिसले की पर्याय उडवा, सर्वांत आखूड पर्याय निवडा, कर्मणी प्रयोग टाळा. सोप्या प्रश्नांत ते बऱ्याचदा लागू पडत. अवघड प्रश्नांत 'बीइंग' असलेले उत्तर बरोबर निघू शके.

नोव्हेंबर २०२३ मध्ये 'फोकस एडिशन' नावाने परीक्षेची नवी आवृत्ती आली आणि ३१ जानेवारी २०२४ नंतर जुनी बंद झाली. निबंधलेखनाबरोबर सेंटेन्स करेक्शनही गेले. व्हर्बल विभागात आता ४५ मिनिटांत २३ प्रश्न असतात, तेही केवळ उताऱ्यांचे आणि युक्तिवादाचे. नव्या परीक्षेत मागे जाऊन विभागागणिक तीन उत्तरे बदलण्याची मुभा मिळाली, जी संगणकावर एससी सोडवणाऱ्यांच्या नशिबी कधी नव्हती. जुनी गुणश्रेणी २०० ते ८०० होती, नवी २०५ ते ८०५ आहे. जुन्या एकूण गुणांचा शेवटचा अंक नेहमी ० असे, नव्याचा ५ असतो. जीमॅटचे गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. त्यामुळे शून्याने संपणारे गुण, म्हणजेच ज्यांत एससीचा वाटा आहे असे गुण, २०२९ च्या जानेवारीपर्यंत प्रवेश अर्जांवर दिसू शकतील.